गिरणीकडच्या गोलमागचा वळसा

१

आयुष्यभर ज्याला कधी चेंडू धड मारता आला नाही, तो रसेल ग्रिमशॉ त्या गुरुवारी स्वतःच गोलमध्ये जाऊन पडला होता, आणि तेही छातीत काटा घेऊन.

ग्रिमशॉ म्हणजे थॉर्नक्लफ व्हिक्टोरिया या फुटबॉल क्लबाचा मालक. गिरणीच्या बाजूच्या गोलमध्ये तो जाळीला पाठ टेकून बसल्यासारखा दिसत होता. आधी त्याच्या डोक्यात लाकडी मोगरी बसली होती. ती शेजारीच पडली होती आणि तिला जे चिकटलं होतं त्याचं वर्णन जेवणाऱ्या माणसासमोर करू नये. मग, तो खाली कोसळल्यावर, मैदान टोचायचा चार दात्यांचा लोखंडी काटा कोणीतरी त्याच्या छातीत दाते बुडेपर्यंत खुपसला होता. गावात आता सांगतात, की काटा आरपार जाऊन खांबात रुतला आणि तो उपसायला चार पोलीस आणि एक घोडा लागला. घोडा नव्हता. पोलीस मात्र चार लागले.

इन्स्पेक्टर डोरीन एंटविसल तिथं पोचली तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. डोरीन एकोणसाठ वर्षांची, निवृत्तीला आठ आठवडे उरलेली. पोलिसात तेहतीस वर्षं आणि व्हिक्टोरियाच्या पाठीराख्यांत एकावन्न वर्षं, म्हणजे मारामाऱ्या तिनं दोन्हीकडून पाहिलेल्या.

"पाचच्या आत मेला," ती स्वतःशीच म्हणाली.

हे तिच्याच मनात आलं असं नाही. थॉर्नक्लफमध्ये दूध घालणाऱ्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना त्या दिवशी पाच वाजण्याचा अर्थ ठाऊक होता. क्लब कर्जात बुडालेला. ग्रिमशॉ तो दिवाळखोरीत काढणार हे उघड होतं, आणि दिवाळखोरीत निघालेल्या क्लबाचे बारा गुण कापले जातात हा साखळी स्पर्धेचा नियम. प्रश्न एवढाच, की कधीचे बारा. गुरुवारी पाचच्या आत सही झाली तर याच हंगामातले. पाचनंतर झाली तर पुढच्या. ज्या रेषेखालचे संघ साखळीबाहेर जातात, त्या घसरणीच्या रेषेच्या व्हिक्टोरिया पाच गुण वर होती आणि पाच सामने उरले होते. आज बारा गेले की संघ थेट तळाला, साखळीच्या बाहेर, एकशे सात वर्षांनी. आणि साखळीतून बाहेर पडलेल्या क्लबाच्या मैदानावर घरं बांधायला कोणाची आडकाठी नसते. ग्रिमशॉकडे घरांचे नकाशेसुद्धा तयार होते.

तेव्हा ग्रिमशॉनं पाच वाजेपर्यंत जगू नये असं वाटणारी माणसं मोजायची तर गावाची मतदारयादीच काढावी लागली असती.

पण जमिनीवर पावलं होती, आणि ती मतदारयादीपेक्षा बोलकी होती.

एक रांग ग्रिमशॉच्या बुटांची; बाजूच्या रेषेवरून शिस्तीत आलेली. दुसरी टोकदार बुटांची. समोरच्या कोपऱ्यातून तिरकी, सरळ मैदान तुडवत आली होती, भिंतीपर्यंत जाऊन धावत परत गेली होती. तिसरी रांग रबरी बुटांची, मोठ्या मापाची. ती माळ्याच्या पत्र्याच्या खोलीपासून गोलपर्यंत आली होती आणि तशीच परत खोलीकडे गेली होती. या परतीच्या पावलांत लाल मिसळलं होतं.

खोली समोर, गोल समोर, मधे सपाट गवत. वीस पावलांचा सरळ रस्ता. आणि तरी त्या रबरी बुटांनी मधेच, काहीही नसलेल्या गवताला, अर्धगोल वळसा घातला होता. जातानाही आणि येतानाही. नुकता माणूस मारलेला, हातावर गरम रक्त, आणि तरी वळसा.

डोरीन त्या मोकळ्या गवताकडे बघत राहिली आणि तिच्या हातातली वही खाली पडली.

तिथं काय आहे ते जगात फक्त तीन माणसांना ठाऊक होतं. त्यातली एक ती स्वतः होती.

२

तिथं तिचा नवरा होता.

या क्लबाची ही रीतच. पाठीराखा गेला की त्याची राख गिरणीकडच्या गोलमागं, भिंतीलगतच्या पट्टीत पुरायची. खूण नाही, पाटी नाही. पण थॉर्नक्लफचा माणूस त्या पट्टीवर पाय देत नाही, चेंडू आणायलासुद्धा नाही. गेल्या वर्षी पट्टी भरली. आणि ग्रिमशॉनं फर्मान काढलं, की यापुढं एकही मेलेला माणूस मैदानात येता कामा नये. घरं घेणाऱ्यांना परसात शेजारी नको असतात.

त्यानंतर जानेवारीत विल्फ एंटविसल गेला. मग एका धुकट मंगळवारी सकाळी माळी सेथ क्लेगनं कोपऱ्याच्या निशाणाजवळ गुपचूप खड्डा घेतला. डोरीननं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून विल्फला आणलं. क्लबाची चिटणीस मिस पिकप थर्मासमधून चहा घेऊन आली, आणि चौथं कोणी नव्हतं. सेथनं हिरवळीचा तुकडा असा काही परत बसवला, की देवालासुद्धा जागा सापडली नसती.

म्हणजे खुनी विल्फला वळसा घालून गेला होता. आणि तो सेथ असणार. खोली सेथची, बूट सेथचे, काटा सेथचा. सेथ चौऱ्याहत्तर वर्षांचा, पण अजून एकट्यानं रोलर ओढायचा.

"मॅडम, चहा." मिस पिकप पायऱ्या उतरून आली. अठ्ठावन्न वर्षांची, खाटकाची मुलगी, चहाचं चाळीस कपांचं भांडं एका हातात आणि कप दुसऱ्या हातात. प्रेत सव्वाचारला तिनंच वरच्या सज्ज्यातून पाहिलं होतं आणि फोन केला होता. "तुमच्या पोरांना द्या. दोघं ओकतायत तिकडं."

"एडना, तू खाली आली होतीस का? जवळ?"

"कशाला? वरून दिसत होतं की, आता त्याला डॉक्टर नको, खोका हवा." तिनं कप भरले. "साखर घ्या दोन चमचे. तोंड पांढरं पडलंय तुमचं."

डोरीननं चहा घेतला. तेवढ्यात तिच्या फोनवर सुपरिंटेंडंट ब्रेथवेटचा आवाज आला. हा माणूस बोलायचा नाही, घोषणा करायचा.

"सापडला. तुमचा कर्णधार, लेरॉय बॅनफोर्ड. शर्टावर ग्रिमशॉचं रक्त आहे, आणि तीन वाजता त्यानं ग्रिमशॉला ठोकलेलं वीस जणांनी पाहिलंय. उद्या सहाला मी आरोप ठेवतोय. तुमच्याकडं काही वेगळं आहे?"

डोरीननं वळशाकडं पाहिलं. सांगितलं तर विल्फला मातीत निजवणारा म्हातारा जन्मभर आत. गप्प बसलं तर लेरॉय.

"उद्या सहापर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी लेरॉय बॅनफोर्ड कोठडीत बसला होता. चौतीस वर्षांचा बचावपटू, नाक तीनदा मोडलेलं, आणि आता ओठही फाटलेला. पकडायला गेलेल्या चौघांनी आपापला वाटा घेतला होता. त्यांतल्या एकाचा दात मात्र लेरॉयच्या कोपरात अडकून आला होता.

"मारलं, हो," तो म्हणाला. "नाकावर. एकच. तीन महिने पगार नाही, वर म्हणतो, तुम्ही पोरं खेळावर प्रेम करता ना. मग दिली प्रेमानं."

"आणि पाऊण तासानं परत गेलास, मोगरी घेऊन."

"कशाला जाऊ? आमचं मिटलं होतं."

"नाकावर मारून मिटतं?"

"बाई, तुम्ही कधी ड्रेसिंगरूममध्ये बसला नाहीत. नाकावर मारल्यावरच मिटतं." लेरॉय पुढं झुकला. "मी बर्फ आणून दिला. तो नाक धरून बसला. मी म्हणालो, उरलेले पाच सामने आम्ही सगळे फुकट खेळतो, पण आज सही करू नका. बारा गुण पुढच्या वर्षी जाऊ देत. गडी बराच वेळ बर्फाचं पाणी टिपत बसला. मग म्हणाला, ठीक आहे, शुक्रवारी करतो. खिशातून पेन काढून कागदावर काहीतरी लिहिलं पण. मग धूर काढायला गोलकडं गेला. मेल्या माणसानं शब्द दिला होता हे कोण मानणार? तुमचा साहेब तर हसला."

डोरीनसुद्धा मनात हसलीच होती. ग्रिमशॉनं शब्द पाळल्याचं गावात कोणी ऐकलेलं नव्हतं. तिनं दुसरं विचारलं.

"माझ्या विल्फला कुठं पुरलंय?"

लेरॉयनं तिच्याकडं पाहिलं. बाईचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असावं. "भिंतीच्या पट्टीत ना? इतरांबरोबर. मी तेव्हा मांडीचा स्नायू फाटून दवाखान्यात होतो, नाहीतर आलोच असतो. चांगला माणूस होता. मला दर शनिवारी शिव्या द्यायचा."

डोरीननं वही मिटली. या माणसाला वळसा कुठं घालायचा हेच माहीत नव्हतं.

बाहेर आली तर हवालदारानं कानात सांगितलं, की पांढऱ्या टोकदार बुटांचा एक माणूस सापडलाय. पण लवकर चला, लोक त्याला जिवंत ठेवतील असं दिसत नाही.

४

शुक्रवारी सकाळी अकराला 'लोकरीची गाठ' या दारूच्या गुत्त्यामागं चाळीस माणसं एका माणसाला मारत होती, आणि खरं सांगायचं तर सामना बरोबरीत चालला होता.

तो मिक डूली. सावकाराचा वसुलीवाला, मँचेस्टरचा, मानेऐवजी नुसते खांदे असलेला. ग्रिमशॉची मोटार उचलायला तो गुरुवारी आला होता. आता त्याच्या हातात तुटलेलं बाकाचं फळकूट होतं, पायाशी तिघं लोळत होते, एकाचा कान लोंबत होता आणि बाटल्या हवेतून येत होत्या. डोरीन गर्दीत शिरली. कोणीतरी न बघता तिला गुद्दा मारला. तिनंही न बघता तो परत केला. मग डूलीच्या उजव्या हाताचं मधलं बोट धरून तिनं असं उलटं वाकवलं, की फळकूट गळून पडलं आणि गडी गुडघ्यावर आला.

"ए म्हातारे, बोट तुटेल!"

"अजून नऊ आहेत. काल मैदानात गेला होतास?"

"गेलो होतो. चारच्या सुमाराला. तो गोलमध्ये बसलेला दिसला, म्हणून सरळ मैदानातून गेलो. जवळ जाऊन बघतो तर छातीत शेतकीचं सामान. पळालो. मेलेल्याकडून वसुली होत नाही."

"भिंतीच्या बाजूला गेलास?"

"गेलो ना. भिंतीपाशी जाऊन ओकलो."

गर्दीत एकदम शांतता पसरली. चाळीस मेलेल्या पाठीराख्यांवर उभं राहून हा ओकला होता. मग पुन्हा बाटली आली आणि डोरीननं ती डाव्या हातानं थोपवली.

"अजून काय पाहिलंस? आठव. आठ बोटांचा वसुलीवाला कोणी ठेवत नाही."

"पाहिलं काही नाही. ऐकलं." डूलीनं नाकातलं रक्त शिंकरलं. "त्या पत्र्याच्या खोलीत नळ चालू होता. दार बंद. आत कोणीतरी काहीतरी धूत होतं. घासून घासून. मी म्हणालो, मिक, आता इथं थांबू नकोस."

म्हणजे डूली गोलपाशी उभा होता तेव्हा खुनी आत होता, वीस पावलांवर.

डोरीन गाडीत बसली. आता सेथकडं जाणं टाळता येणार नव्हतं. वाटेत तिनं बेड्या चाचपल्या, आणि तिच्या लक्षात आलं की त्या आपण घरीच विसरून आलो आहोत. तेहतीस वर्षांत प्रथमच.

५

सेथ क्लेग पत्र्याच्या खोलीच्या दारात बादलीवर बसला होता. पोलिसांनी त्याला मैदानात पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्यामुळं तो नवरा दवाखान्यात असलेल्या बाईसारखा दिसत होता.

"आलीस पोरी? गवताचं काय केलंय बघ तुझ्या लोकांनी. शनिवारी सामना आहे."

"सेथ, काल पावणेचारला तू कुठं होतास?"

"गाडीत झोपलो होतो. बियाणं आणायला गेलो, दुकान बंद होतं, तिथंच डोळा लागला. साक्षीदार विचारशील तर कोणी नाही."

डोरीननं त्याला हाताला धरून कोपऱ्याशी नेलं आणि पावलं दाखवली. सरळ आलेली, अर्धगोल वळलेली, पुन्हा सरळ झालेली.

"तूच सांग," ती म्हणाली. "हे कोण वळून गेलं? आणि कशाला?"

तिला वाटलं होतं म्हातारा रडेल, किंवा खोटं बोलेल. सेथ वाकून बघत राहिला. आधी त्याच्या कपाळाला आठी पडली, मग त्याचा चेहरा पांढरा झाला.

"हा कोण हलकट?" तो म्हणाला. "हा तर विल्फवरून चालत गेलाय!"

"वरून? वळसा घालून गेलाय, सेथ."

"अगं, वळसा कशाला घातलाय? तिथं काय आहे? काही नाही तिथं!" सेथ थांबला. त्यानं टोपी काढली आणि हातात फिरवायला लागला. "पोरी, मी तुला सांगणार होतो. फेब्रुवारीत खालचा नळ फुटला. सगळा कोपरा पाण्यात. मी पहाटे डबा काढला आणि दीड ढांग भिंतीकडं, उंचवट्यावर नेऊन पुरला. तुला सांगितलं नाही. नवरा पोहतोय हे कोणी बायकोला सांगतं का?"

डोरीननं खोलीबाहेरचं फावडं आणून त्याच्या हातात दिलं. सेथनं वळशाच्या ऐन मध्यावर, जिथं पावलं खोल उमटली होती, तिथं हिरवळीचा तुकडा काढला. मुळं घट्ट धरलेली होती. हे काम कालचं नव्हतं. वीतभर खाली बिस्किटांचा डबा निघाला. झाकणावरची राणी थोडी गंजली होती.

विल्फ जिथं होता तिथं खुनी चार वेळा पाय देऊन गेला होता. आणि जिथं नव्हता, तिथं अदबीनं वळला होता.

"म्हणजे तू नाहीस," डोरीन म्हणाली. ती खोलीच्या दारातल्या बादलीवर जाऊन बसली.

"मी काय नाही?"

"काही नाही. सेथ, खोलीतले बूट दाखव."

रबरी बूट खिळ्याखाली उभे होते. सेथनं ते उचलले आणि वास घेतला. "धुतलेत कोणी हे? मी चाळीस वर्षांत धुतले नाहीत. चिखल वाळला की भिंतीवर आपटतो." त्यानं आत हात घातला. आतून एकामागून एक कागदाचे बोळे निघाले, घट्ट वळलेले, टाचेपासून टोकापर्यंत नीट भरलेले. ओले बूट आतून वाळावेत म्हणून.

डोरीन उठली. डबा तिनं सेथच्या हातात दिला. "याला परत निजव. यावेळी मला जागा दाखवून."

"आणि तू कुठं चाललीस?"

"वर. चहाला."

६

चिटणिसाच्या खोलीकडं जाणाऱ्या बोळात खेळाडूंचे बूट रांगेनं वाळत होते. धुलाईवाल्या बाईला ग्रिमशॉनं काढल्यापासून हे काम मिस पिकप करायची. बावीस जोड, आणि प्रत्येकात कागदाचे बोळे, घट्ट वळलेले, टाचेपासून टोकापर्यंत.

जिन्यात डोरीनला शवविच्छेदन करणारा डॉक्टर भेटला. "हे मयताच्या आतल्या खिशात होतं," म्हणून त्यानं एक पाकीट दिलं. आत दिवाळखोरीचा कागद होता, चार भोकं पडलेला, रक्तानं ताठर झालेला. डोरीननं तो वाचला. तारखेच्या जागी गुरुवार टाइप केलेला होता. त्यावर पेनानं काट मारून, ग्रिमशॉच्या वेड्यावाकड्या हातानं, शुक्रवार लिहिलं होतं. शेजारी त्याचं आद्याक्षर.

शब्द पाळणार होता हलकट. आयुष्यात एकदाच, आणि ते कोणाला कळण्याआधीच मेला.

तिनं कागद पर्समध्ये ठेवला आणि दार ढकललं.

"बसा," मिस पिकप म्हणाली. "साखर दोन ना?"

"एडना, बूट धुतलेस ते ठीक. पण सेथच्या बुटांत बोळे कशाला भरलेस?"

मिस पिकपनं किटली खाली ठेवली. हात अजिबात हलला नाही. "ओले बूट तसेच ठेवले की कुजतात," ती म्हणाली. मग साखर घालता घालता, "सवय."

"पेपराचे बोळे कोणीही भरतो, असं तुझा वकील म्हणेल. म्हणून दुसरं सांगते. खुनी एका जागेला वळसा घालून गेला. विल्फ तिथं आहे हे तिघांना ठाऊक होतं. सेथला, तुला, मला. पण सेथनं फेब्रुवारीत विल्फला दीड ढांग हलवलं. सेथ असता तर तिथून वळला नसता. विल्फ अजून तिथंच आहे असं समजणारी माणसं उरली दोनच. आणि पावणेचारला मी पोलीस ठाण्यात एका चोराचा जबाब घेत होते."

खिडकीखाली जमलेले लोक लेरॉयच्या नावानं ओरडत होते. एक वीट येऊन तावदान फुटलं, काचा टेबलावर पसरल्या. तिनं त्या हातानंच एका बाजूला सारल्या. बोट कापलं तरी बघितलं नाही.

"हलवलं?" ती म्हणाली. "म्हणजे मी… कुठून चालले?"

डोरीननं टेबलावर बोटानं वळसा काढला आणि त्या रेघेवरच बोट टेकलं.

"मी विल्फवर पाय दिला?"

"चार वेळा."

आणि तेव्हा ती रडली. ज्या बाईनं एकशे दहा किलोच्या माणसाचं डोकं फोडलं, काटा छातीत घालून वर पायानं दाबला, हात धुतले, बूट वाळत घातले आणि पोलिसांना चहा वाटला, ती टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. ग्रिमशॉसाठी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

"अगं, उगी," डोरीन म्हणाली. "चाळीस वर्षं तो गिरणीकडच्या, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर उभा राहिला. दर शनिवारी कोणी ना कोणी त्याच्या पायावर पाय देतच होतं. त्यानं कधी मागं वळून पाहिलं नाही."

मिस पिकपनं नाक पुसलं. रक्त गालाला लागलं. "तो घरं बांधणार होता, मॅडम. माझे वडील त्या पट्टीत आहेत. त्यांच्यावर न्हाणीघर येणार होतं. नकाशात मी पाहिलं, मीच तो घडी घालून ठेवला. सहीचा कागद मीच टाइप केला. पावणेचारला खिडकीतून बघते तर हा गोलमध्ये उभा राहून सिगारेट ओढतोय आणि राख खाली झटकतोय. आमच्या गोलमध्ये. मग मी खाली गेले."

"लेरॉयला आत टाकलंय."

"ठाऊक आहे. आज सहापर्यंत तुम्ही आला नसता, तर मीच आले असते. उद्या त्याच्याशिवाय बचाव कोण करणार?" ती उठली, कोट घातला, खिडकीतून एकदा खाली बघितलं. सेथ कोपऱ्यात गुडघ्यावर बसून हिरवळ थापटत होता. "मला एवढंच सांगा. गुरुवार गेला ना? आता कोणीही सही केली, त्याच्या बायकोनं केली, तरी बारा गुण पुढच्याच हंगामातले ना?"

"पुढच्याच."

"म्हणजे मी वाचवलं. एवढं तरी झालं."

डोरीनचा हात पर्सच्या खटक्यावर होता. आत तो कागद होता. शुक्रवार, आद्याक्षर, चार भोकं. तेहतीस वर्षांत तिनं कोणत्याही गुन्हेगारापासून पुरावा लपवला नव्हता. कोर्टात तो वाचला जाणारच होता, भर सभेत, मोठ्यानं. पण खटला उभा राहायला जून उजाडणार, आणि हंगाम मे महिन्यात संपतो. मधे पाच सामने होते, आणि तुरुंगात रेडिओ लागतो.

"झालं," डोरीन म्हणाली, आणि पर्स खांद्याला लावली. "चल. आणि हे बघ, बेड्या मी घरी विसरलेय. तेव्हा माझा हात धर."

दोघी जिना उतरल्या. मैदान आडवं ओलांडलं असतं तर गाडी दोन मिनिटांवर होती. पण दोघी बाजूच्या रेषेवरून, सगळा चौकोन फिरून गेल्या. आणि कोपऱ्याशी आल्यावर मिस पिकप थांबली.

"आता कुठं आहे तो?"

डोरीननं बोट दाखवलं. मिस पिकपनं नीट पाहून घेतलं आणि मग मोठा, अगदी मोठा वळसा घातला.